थांबवण्याचा अधिकार

१९९२च्या ऑक्टोबरपर्यंत लंडनची रुग्णवाहिका सेवा कागदावर चालत होती. ९९९वर फोन आला की नियंत्रण कक्षातला कर्मचारी छापील फॉर्मवर तपशील लिहून घेई, नकाशांच्या पुस्तकात ठिकाण शोधी आणि फॉर्म सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पट्ट्याच्या टोकाशी बसलेला माणूस फॉर्म गोळा करून ते ज्या त्या विभागाकडे पाठवी. एकाच अपघातासाठी तिघांनी फोन केले असतील तर ते ओळखून जादाचे फॉर्म बाजूला काढणे हेही त्याचेच काम. मग विभागातला अनुभवी कर्मचारी गाड्यांचा अंदाज घेऊन कोणती धाडायची ते ठरवी. फोन आल्यापासून गाडीला निरोप जाईपर्यंत तीन मिनिटे, असा दंडक होता. सुमारे सहाशे चौरस मैलांचा प्रदेश, ६८ लाख रहिवासी आणि दिवसाला दोन ते अडीच हजार फोन एवढा पसारा या कागदांवर उभा होता. गर्दीच्या वेळी तो कोलमडू लागे, म्हणून संगणक आणायचे ठरले. ते ठरवण्यात चूक काहीच नव्हती.

आधीचा एक प्रयत्न ७५ लाख पौंड खर्चून १९९० साली सोडून द्यावा लागला होता. नव्या प्रयत्नासाठी सल्लागारांनी अंदाज दिला: बाजारात तयार प्रणाली मिळाली तर १५ लाख पौंड आणि १९ महिने, मुद्दाम बनवून घ्यायची असेल तर दोन्ही आकडे बरेच वाढतील. व्यवस्थापनाने १५ लाखांचा आकडा धरून ठेवला, पुढची अट सोडून दिली, आणि ८ जानेवारी १९९२ ही तारीख ठरवून टाकली. १७ निविदा आल्या. मंजूर झालेली सुमारे नऊ लाख ३७ हजार पौंडांची होती. तिच्या जवळची दुसरी निविदा सात लाख पौंडांनी महाग होती. एवढी तफावत का, हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारल्याचे पुढे चौकशीत दिसले नाही.

आणि याच ब्रिटनमध्ये सरकारी संगणक प्रकल्प कसे चालवावेत याची प्रमाण कार्यपद्धती तेव्हा तयार होती. तिचे नाव प्रिन्स. १९७५च्या सुमारास सिम्पॅक्ट या खासगी कंपनीने ‘प्रॉम्प्ट’ नावाची पद्धत बेतली होती. सरकारला संगणक आणि दूरसंचाराबाबत सल्ला देणाऱ्या सीसीटीए या मध्यवर्ती संस्थेने १९७९ मध्ये ती स्वीकारली, वापरता वापरता सुधारली आणि १९८९ मध्ये प्रिन्स म्हणून पुढे आणली. हे काम सार्वजनिक पैशातून झाले आणि पद्धत सर्वांना वापरायला खुली ठेवली गेली.

प्रिन्सची पुस्तके हाती घेतली तर आधी दिसतात ते तक्ते, नोंदवह्या आणि अहवालांचे नमुने. बहुतेक वाचणारे तिथेच थकतात आणि ‘आणखी कागद’ असे म्हणून पुस्तक मिटतात. माझ्या मते ही पद्धत या कागदांत नाहीच. तिच्या मुळाशी काही थोड्या मागण्या आहेत, आणि त्या कठोर आहेत. पहिली मागणी मंडळाची. प्रकल्पाच्या वर एक छोटे मंडळ हवे आणि त्यात तीन बाजू बसल्या पाहिजेत: ज्याचे पैसे आहेत तो, ज्याला ही प्रणाली रोज वापरायची आहे तो, आणि ती बांधण्याची तांत्रिक जबाबदारी घेणारा. तिघेही नावानिशी ठाऊक असले पाहिजेत. दुसरी, काम टप्प्यांत तोडायचे आणि मंजुरी फक्त पुढच्या टप्प्याची द्यायची. तिसरी, वेळ आणि खर्च यांची मर्यादा आधी आखायची. ती ओलांडली जाणार असे दिसू लागताच प्रकल्प व्यवस्थापकाने मंडळाकडे धाव घ्यायची, परस्पर निभावून न्यायचे नाही. चौथी मागणी, कामांची यादी करत बसण्याआधी अखेरीस हाती काय पडायला हवे आणि ते नीट झाले हे कसे तपासायचे, ते लिहून काढायचे.

सर्वांत अवघड मागणी टप्प्याच्या शेवटी येते. तिथे मंडळाने पुन्हा पहिल्यापासून विचारायचे असते: हा प्रकल्प अजूनही करण्याजोगा आहे का? उत्तर नाही असेल तर तो बंद करायचा, आणि असे बंद करणे हे पद्धतीला धरूनच आहे असे मानायचे. सरकारी खात्याला, मग ते कुठल्याही देशाचे असो, हे जमत नाही. एकदा मंजुरी मिळाली, निधी आला, मंत्र्याने तारीख जाहीर केली, की प्रकल्प चालू ठेवणे हेच कर्तव्य होऊन बसते. आतापर्यंत इतका खर्च झालाय, आता कसे थांबायचे, असे म्हणत पुढचा खर्च होत राहतो. प्रिन्सने या सवयीला थेट विरोध केला, आणि ती का महत्त्वाची याचे खरे कारण मला यातच दिसते.

लंडनमध्ये प्रिन्स वापरायची असे ठरलेही होते. पण पुरवठादारांपाशी आणि रुग्णवाहिका सेवेपाशी तिचा अनुभव नव्हता. सुरुवातीला तिचे काही तुकडे उचलले गेले, पुढे तेही नीट राहिले नाहीत. प्रकल्पाचा व्यवस्थापक कोण, हेच धड ठरलेले नव्हते. हे काम पुरवठादारांमधल्या प्रमुखाने करायचे होते, प्रत्यक्षात ते सेवेच्या माणसांच्या अंगावर येत गेले. त्यांतला संगणक विभागाचा प्रमुख मूळचा रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी. गाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांना आराखड्यात जवळपास स्थान नव्हते. प्रशिक्षण दिले गेले, पण तारीख पुढे ढकलली जात राहिल्याने शिकलेले विसरायलाही तेवढाच अवधी मिळाला. जानेवारी उलटली. तुकड्यातुकड्यांनी काही महिने प्रयोग चालले, दोष सापडत राहिले. मात्र ‘थांबूया’ असे म्हणण्याचा अधिकार असलेले आणि तो वापरायला तयार असलेले कोणीच नव्हते.

२६ ऑक्टोबर १९९२, सोमवार. सारे लंडन एकदम नव्या प्रणालीवर गेले. त्या दिवशी माहीत असलेले ८१ दोष शिल्लक होते आणि पूर्ण भाराखाली चाचणी झालेली नव्हती. कक्षातली बैठकव्यवस्था बदलून विभाग मोडले होते. वर्षानुवर्षे शेजारी बसून एकमेकांचे काम जाणणारी माणसे विखुरली गेली होती. कागद बंद. गाड्या कुठे आहेत हे संगणकाला अचूक कळले तरच तो योग्य गाडी निवडणार होता, आणि ते कळेना. कर्मचारी बटणे चुकीच्या क्रमाने दाबत, रेडिओच्या लहरी काही भागांत पोहोचत नसत. मग चुकीची गाडी निघे, किंवा एकाच ठिकाणी दोन जात. प्रत्येक गोंधळाची सूचना पडद्यावर उमटे. सूचना इतक्या साठल्या की जुन्या वर सरकून दिसेनाशा झाल्या. गाडी आली नाही म्हणून लोक पुन्हा फोन करत, त्या फोनची नवी नोंद होई आणि रांग आणखी लांबे. पूर्वी जादाचे फॉर्म वेगळे काढणारा माणूस आता त्या जागी नव्हता. काही वेळा फोन दहा मिनिटे वाजत राहिला. मंगळवारी दुपारी अर्ध्या कागदी पद्धतीकडे परतावे लागले.

आठवड्याभराने, ४ नोव्हेंबरच्या पहाटे, यंत्रणा पूर्ण बंद पडली. तीन आठवड्यांपूर्वी एका बदलाच्या वेळी राहून गेलेला प्रोग्रॅमचा तुकडा सर्व्हरची स्मृती थोडीथोडी गिळत होता. ती भरल्यावर सारे ठप्प झाले. राखीव सर्व्हर कामाला आला नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने त्याआधीच राजीनामा दिला होता.

विलंबामुळे बळी गेल्याचे आकडे वृत्तपत्रांनी छापले. चौकशी अहवालाने नोंदवले की गाडी उशिरा आल्यामुळे मृत्यू झाला, असा निष्कर्ष एकाही मृत्युचौकशीत निघालेला नाही. दक्षिण यॉर्कशरच्या रुग्णवाहिका सेवेचे प्रमुख डॉन पेज यांच्या समितीने फेब्रुवारी १९९३ मध्ये दिलेला हा अहवाल आजही वाचावा असा आहे. त्याचे म्हणणे असे की २६ आणि २७ तारखेला संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडलाच नव्हता. त्याच्याभोवतीच्या कामाची घडीच अशी बसवली होती की तो बरोबर चालला तरी गोंधळ वाढतच जावा. दोष प्रणालीच्या आधी निर्णयांत होता. पुढच्या प्रयत्नात सेवेने सावकाशीची वाट धरली. स्वतःच्या माणसांनी, नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन, आधी फोन घेण्याचे काम सोपे केले आणि मग एकेक पाऊल पुढे टाकले. ही प्रणाली जानेवारी १९९६ मध्ये सुरू झाली आणि १९९७ मध्ये तिला ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचा पुरस्कार मिळाला.

त्याच १९९६ मध्ये प्रिन्सची दुसरी आवृत्ती आली. सुमारे दीडशे संस्थांचा सल्ला घेऊन ती केवळ संगणकापुरती न ठेवता कुठल्याही प्रकल्पाला लागू पडेल अशी केली गेली. पण पद्धत प्रकल्पाच्या आतल्या माणसांच्या हातात असते, आणि आतल्यांना थांबवणे जड जाते. म्हणून २००१ पासून ब्रिटनने मोठ्या प्रकल्पांसमोर बाहेरच्या तपासनीसांची दारे उभी केली. या गेटवे तपासणीत प्रकल्पाशी संबंध नसलेली अनुभवी माणसे काही दिवस येऊन कागद पाहत, लोकांशी बोलत आणि लाल, पिवळा किंवा हिरवा शेरा देत.

कल्पना उत्तम होती. तिला खीळ बसली ती गुप्ततेमुळे. हे शेरे फक्त प्रकल्पाच्या मालकापुरते राहत. राष्ट्रीय ओळखपत्र योजनेवर ब्रिटनमध्ये मोठे वादंग चालू होते, आणि तिच्या गेटवे तपासणीचे अहवाल माहिती अधिकाराखाली २००५च्या सुमारास मागितले गेले. सरकारने ते देण्यास नकार दिला आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत नेला. अहवाल लोकांसमोर आले ते २००९ मध्ये. तोवर कायदा संमत होऊन तीन वर्षे झाली होती. २०१० मध्ये नव्या सरकारने योजनाच मोडीत काढली. सरकारचा युक्तिवाद होता की अहवाल उघडे झाले तर तपासनीसांशी कोणी मोकळेपणाने बोलणार नाही. ही भीती पूर्ण खोटी नाही. तरीही जो प्रकल्प साऱ्या नागरिकांच्या नोंदी गोळा करणार आहे, त्याच्या दारावर लाल दिवा लागलाय की हिरवा हे त्या नागरिकांना चार वर्षे कळू नये, याचे समर्थन मला करता येत नाही.

आणि मग पद्धतच विकली गेली. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ॲक्सेलॉस ही भागीदारी कंपनी काढून प्रिन्स तिच्याकडे सोपवली. ५१ टक्के वाटा कॅपिटा या खासगी कंपनीचा, ४९ टक्के सरकारचा. २०२१ मध्ये ॲक्सेलॉस पीपलसर्ट या कंपनीने विकत घेतली. सर्वांना खुली म्हणून सुरू झालेली पद्धत आता परीक्षा, शुल्क आणि प्रमाणपत्र यांच्या बाजारात आहे. पुण्या-मुंबईतले अनेक आयटी कर्मचारी हे शुल्क स्वतः भरतात आणि ते बिरुद आपल्या परिचयपत्रावर लावतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण जनतेच्या पैशाने घडलेले ज्ञान जनतेच्या हातून गेले, हा तोटा लहान नाही.

स्वित्झर्लंडने वेगळी वाट ठेवली. तिथल्या संघराज्य प्रशासनाची हर्मिस ही पद्धतही १९७५ पासूनची, आणि तिचे हस्तपुस्तक आजही कोणालाही मोफत वाचता येते. हर्मिस होती म्हणून सारे प्रकल्प यशस्वी झाले असे नाही. करखात्याचा इन्सिएमे प्रकल्प दहा कोटींहून अधिक फ्रँक खर्चून २०१२ मध्ये बंद करावा लागला. पण संसदेने स्वतः चौकशी केली, अहवाल २०१४ मध्ये जाहीर झाला, आणि मोठ्या प्रकल्पांची तपासणी तिथले लेखापरीक्षण कार्यालय करू लागले. अपयश नागरिकांसमोर उलगडून ठेवले गेले.

हा लेख वाचणाऱ्यांत जिल्हा परिषदेत, महापालिकेत किंवा मंत्रालयात संगणकीकरणाच्या फाईली हाताळणारे अधिकारी असतील, त्या प्रणाली बांधणारे अभियंते असतील. त्यांना विनंती आहे. पुढच्या निविदेत प्रकल्पाच्या मालकाचे नाव आणि पद लिहा. पैसे टप्प्याटप्प्याने सोडा, आणि कोणत्या टप्प्यावर, कोण, कशाच्या आधारे ‘थांबवा’ म्हणू शकतो ते लिहा. ती प्रणाली जो तलाठी, जी अंगणवाडी सेविका, जो लिपिक रोज वापरणार आहे, त्याला मंडळात खुर्ची द्या. आणि टप्प्याअखेरचे शेरे संकेतस्थळावर टाका. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४ नुसार योजना, प्रस्तावित खर्च आणि झालेल्या खर्चाचे अहवाल कोणी मागण्याआधीच जाहीर करणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.