व्यापाराची पत

मुंबईच्या कांदिवली उपनगरात चारकोप नावाची मोठी वसाहत आहे. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने व म्हाडाच्या योजनेतून तेथे लहान लहान भूखंड पाडण्यात आले आणि बेताच्या प्राप्तीच्या अनेक कुटुंबांनी त्यांवर आपली घरे उभी केली. अशा वसाहतीत किराणा, कापड, भांडी यांची दुकाने शेजारी शेजारी असतात, आणि गिऱ्हाईक आपल्याच दुकानात यावे, असे प्रत्येक दुकानदारास वाटते. त्यात गैर काहीच नाही. न बोलणाऱ्याचे सोनेही विकले जात नाही, असे म्हणतातच. परंतु बोलणे निराळे आणि भुलविणे निराळे.

भुलविण्याच्या युक्त्या नाना प्रकारच्या असतात. चारशे रुपयांच्या सदऱ्यावर आठशेची चिठ्ठी लावावयाची आणि मग ‘निम्म्या किमतीत’ असा फलक टांगावयाचा, ही एक. ‘आज शेवटचा दिवस’ ही पाटी महिनाभर ठेवावयाची, ही दुसरी. एखादी वस्तू फार स्वस्त असल्याचे जाहीर करून तिचे दोन-चारच नग ठेवावयाचे आणि आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात महाग वस्तू बांधावयाची, ही तिसरी. पुड्याचा आकार तोच ठेवून आतील माल कमी करावयाचा, ही चौथी. कमी झालेले वजन पुड्यावर छापलेले असते खरे. पण गिऱ्हाइकाची नजर आकारावर असते, हे विकणारा पुरते जाणून असतो.

यात नुकसान कोणाचे होते? ज्याच्या घरी महिन्याचा खर्च मोजूनमापून चालतो, त्याचे तर होतेच. शिवाय शेजारच्या सचोटीच्या दुकानदाराचेही होते. कारण एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढे खऱ्या पाटीवरही विश्वास ठेवीत नाही. लबाडी एकाची, आणि पत जाते साऱ्या बाजाराची!

सरळ मार्ग लांबचा असतो, हे खरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पाटीने किंवा सवलतीने ती समजूत जाण्यासारखी नव्हती. नांगराचे काम शेतात दिसावे लागले. पुढे १९१० साली कुंडलजवळच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला. तीच आजची किर्लोस्करवाडी होय.

आज फसव्या जाहिरातींना कायद्यानेही आळा घातला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशा जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी, पुरेसा माल नसताना स्वस्ताईचे आमिष दाखविण्यासही मनाई केली आहे. तथापि प्रत्येक दुकानाच्या दारी कायदा उभा राहू शकत नाही. पुड्यावरील वजन व किंमत वाचणे हे गिऱ्हाइकाचे काम आहे; आणि जे गिऱ्हाइकाला उघडपणे सांगता येणार नाही ते न करणे, हे दुकानदाराचे.

युक्तीने गिऱ्हाईक एकदा येते. विश्वासाने ते पुन्हा येते, आणि येताना आपल्या शेजाऱ्यालाही घेऊन येते. व्यापारात यालाच पत म्हणतात.