सिबिल ७७०, एरिया निगेटिव्ह

जालन्यात गाड्यांच्या कर्जाच्या फायली फिरवणारा मी माणूस. शोरूम, फायनान्स कंपनी आणि आरटीओ या तिघांत चकरा मारून पोट भरतो. सळईच्या कारखान्यांचा माल ओढणारे, मोसंबी मार्केटला नेणारे, समृद्धी महामार्गात जमीन गेल्यावर पहिल्यांदाच चारचाकीचं नाव काढणारे, असे सगळे एमएच २१ वाले माझ्याकडे येतात. त्यात माझ्यासारखे बौद्ध असतात, मातंग, मुसलमान, मराठे, धनगरही असतात. आवाज खाली करून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो : ‘दादा, हे जातीमुळं झालं का?’

उत्तर देताना मी आधी शिकागोची गोष्ट सांगतो. इयन आयर्स या कायद्याच्या प्राध्यापकानं तिथल्या शोरूममध्ये ग्राहक म्हणून माणसं पाठवली. वय, शिक्षण, पेहराव, बोलायची वाक्यं शक्य तितकी सारखी ठेवली. फरक होता तो कातडीच्या रंगाचा आणि बाई-पुरुषाचा. पीटर सीगलमन यांच्यासोबत १९९५ साली त्यांनी छापलेल्या अभ्यासात अशा तीनशेहून जास्त जोड्यांचे भाव आहेत. गोऱ्या पुरुषाच्या तुलनेत काळ्या पुरुषाला शेवटचा भाव सुमारे ११०० डॉलरनं चढा सांगितला गेला, काळ्या बाईला सुमारे ४०० डॉलरनं. यातल्या एकेकट्या ग्राहकाला आपल्याला लुटलं जातंय हे कळायला मार्गच नव्हता. आकडे शेजारी ठेवले तेव्हा कळलं.

आपल्याकडे गाडीची एक्स-शोरूम किंमत कंपनीच ठरवते, त्यामुळे ‘इथं सगळ्यांना एकच भाव’ असं वाटतं. पण सौदा तिथं संपत नाही. डिस्काउंट किती, अॅक्सेसरीज फुकट की विकत, विमा कुणाचा, डाउन पेमेंट किती, जामीनदार लागतो का आणि कर्जाचा दर काय, हे माणसागणिक बदलतं.

गेल्या वर्षी घनसावंगी तालुक्यातल्या एकाच गावातून दोन फायली आल्या. दोन्ही पिकअपच्या, कर्ज सहा-सहा लाखांचं, मुदत पाच वर्षं. एकाचं घर गावठाणात, दुसऱ्याचं बौद्ध वस्तीत, भीमनगरात. कर्जफेडीची पत दाखवणारं सिबिल दुसऱ्याचंच सरस, ७७०. पाहणीला आलेल्या पोरानं घराचे फोटो काढले, शेजारी दोन प्रश्न विचारले आणि मोबाइलमध्ये शेरा टाकला : एरिया निगेटिव्ह. गावठाणातल्याला दर लागला १२ टक्के. भीमनगरवाल्याला १४ टक्के, वर जमीनवाला जामीनदार. दोन टक्के ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण महिन्याचा हप्ता १३,३४७ रुपयांचा १३,९६१ होतो आणि पाच वर्षांत जवळपास ३७ हजार जास्त जातात. पिकअपचे नवे टायर त्यात येतात.

मग माझ्या टेबलाशीच वाद पेटला. भीमनगरवाल्याचा पोरगा म्हणाला, “सरळ सरळ जात बघितली.” बाप त्याला आवरत होता : “गाडी भेटली ना? मंग कशाला वाकडं घेतो?” शोरूमचा माणूस म्हणाला, “रेट सिस्टीम काढते, आमच्या हातात काही नाही.” शेजारी बसलेले मराठा शेतकरी काका म्हणाले, “आम्हाला तरी कुठं विचारतात? धोतर बघून खुर्चीबी देत नाहीत.”

काकांचं खोटं नाही. २०२२ च्या जानेवारीत कर्नाटकात तुमकुरूच्या शोरूममध्ये एका शेतकऱ्याच्या कपड्यांवरून त्याला हिणवल्याची बातमी देशभर गाजली. तासाभरात तो दहा लाख रोख घेऊन परत आला होता. पण कपडे बदलता येतात, वस्ती नाही. कर्जाच्या फॉर्मवर जातीचा रकाना नसतो. त्याची गरजही नाही. आपल्या खेड्यांत कोण कुठं राहतो हे जातीनंच ठरलंय. वसुलीला त्रास झालेला भाग म्हणून वस्तीवर फुली मारली की वेळेवर हप्ते भरणारासुद्धा त्या फुलीखाली येतो. मनात द्वेष नसला तरी चालतं. पाहणीचा तो पोरगा आमच्याच समाजाचा होता. शिकागोतही ग्राहकांना बहुधा त्यांच्याच रंगाच्या विक्रेत्याकडे धाडलं जाई आणि तिथंच त्यांना जास्त महाग सौदा मिळे.

‘धंद्याला जात नसते, पैसा दिसतो’ हेही खूप ऐकलंय. पण १९२९ साली चाळीसगाव स्टेशनवर डॉ. आंबेडकरांना वस्तीवर न्यायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, पण हाकायला टांगेवाला बसला नाही. वस्तीतल्याच माणसानं हाकला, वाटेत अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. टांगेवाल्याला भाडं हवं होतं, पण अस्पृश्याचा गाडीवान व्हायचं नव्हतं. पैसा आणि जात दोन्ही एका हिशेबात बसतात, ते असे.

म्हणून ‘जातीमुळं झालं का?’ याला मी एका फायलीवरून हो-नाही म्हणत नाही. एका फायलीला सबब सापडतेच : शेती कोरडवाहू, घर पत्र्याचं, पगाराची स्लिप नाही. दोन सारख्या फायली शेजारी आल्या की सबबी गळतात. यासाठी आता एक कागद हाताशी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ कर्जदाराला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. त्यात व्याज आणि सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी हा कागद मागा, दुसऱ्या बँकेचाही मागा. कर्ज देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायचा नाही, असं बँकांना रिझर्व्ह बँकेनं २००३ सालीच बजावलंय. तक्रार करायची वेळ आली तर तेही त्यात लिहा.

आणि गावातल्या माणसाला त्याचा दर विचारा. आपल्याकडे पोरीच्या लग्नाचा खर्च चावडीवर सांगतील, पण कर्जाचा दर सांगायला लाजतात. फायनान्सवाल्यांचे ते जास्तीचे दोन टक्के या लाजेवरच निघतात.