बंद धमनी उघडल्यानंतर

हृदयविकाराचा झटका म्हटला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. हृदयाला रक्त पुरविणारी धमनी गुठळीने बंद पडली, डॉक्टरांनी फुगा आणि स्टेंट घालून ती मोकळी केली आणि संकट टळले! हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. या स्मरणिकेच्या वाचकांत माझे व्यवसायबंधू-भगिनी आहेत, तसेच त्यांचे कुटुंबीय आणि मंडळाचे स्नेहीही आहेत. त्या चित्राची दुसरी बाजू सर्वांना समजेल अशा रीतीने मांडण्याचा हा अल्प प्रयत्न.

धमनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो, याबद्दल दुमत नाही. परंतु परतलेले रक्त जीवनाबरोबर काही इजाही घेऊन येते. अमेरिकेत रॉबर्ट जेनिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली कुत्र्यांच्या हृदयावरील प्रयोगांतून याकडे लक्ष वेधले. उपाशी पेशींना प्राणवायू एकाएकी मिळताच फ्री रॅडिकल्स मोठ्या प्रमाणात तयार होतात, पेशींत कॅल्शियमचा अतिरेक होतो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटू लागतात. हीच रिपरफ्यूजन इजा.

ही इजा हृदयापुरती राहते काय? इंदूरकरांना एक उदाहरण पटेल. जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या जलवाहिनीची दुरुस्ती होऊन पुरवठा सुरू झाला की पहिले गढूळ पाणी घरोघरच्या नळांना येते. दुरुस्ती एका जागी झालेली असते, गाळ मात्र सर्वत्र पोहोचतो. त्याचप्रमाणे जखमी हृदयातून निघालेले दाहकारक पदार्थ आणि चेतवलेल्या पांढऱ्या पेशी रक्ताबरोबर शरीरभर फिरतात.

त्यांचा पहिला आघात होतो तो रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तरावर, म्हणजे एंडोथेलियमवर. हे अस्तर केवळ आच्छादन नसून रक्तवाहिनीला सैल होण्याचा आदेश देते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 साली दाखवून दिले. तो आदेश वाहून नेणारा रेणू नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे सिद्ध झाले, आणि या संशोधनाला 1998 चे नोबेल पारितोषिक लाभले. सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल नेमके याच रेणूला नष्ट करते. प्राण्यांच्या हृदयाची धमनी काही काळ बांधून पुन्हा मोकळी केली असता आतड्यांकडे जाणाऱ्या धमन्यांचीही सैल होण्याची क्षमता कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. हृदयापासून इतक्या दूरच्या, स्वतः कधीही बंद न पडलेल्या धमन्या!

मनुष्यातील पुरावाही विचार करायला लावणारा आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटका आलेल्या 253 रुग्णांपैकी सुमारे 40 टक्के रुग्णांच्या हृदयधमन्यांत एकाहून अधिक ठिकाणी अस्थिर थर दिसले. ते झटक्याआधीचे की नंतरचे, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण 2012 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांत दाखविले, की झटक्यानंतर मज्जासंस्थेच्या संदेशामुळे अस्थिमज्जा व प्लीहा यांतून दाहक पेशी बाहेर पडतात आणि इतरत्रचे मेदाचे थर अधिक वेगाने वाढतात.

अवयवांमधील हा संवाद उपकारकही ठरू शकतो. 2002 साली निरोगी स्वयंसेवकांच्या एका हाताचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटे तीन वेळा थांबवला असता दुसऱ्या हाताच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर इजेपासून बचावले. यावरून दंडावर पट्टा फुगवून हृदय वाचविण्याची मोठी आशा निर्माण झाली. परंतु 2019 मध्ये 5,000 हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत मृत्यू वा हृदय निकामी होणे यांत काहीच घट दिसली नाही. प्रयोगशाळेतील यश रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतेच असे नाही, हा धडा आपण सर्वांनी नम्रपणे घेतला पाहिजे.

मग हातात काय उरते? माझ्या दवाखान्यात अँजिओप्लास्टीनंतर काही महिन्यांनी येणारे कित्येक जण विचारतात, "डॉक्टरसाहेब, ब्लॉक तर निघाला, आता गोळ्या कशाला?" त्यांना मी सांगतो, की स्टेंट दोन-तीन सेंटिमीटर नळी सांभाळतो, बाकीची सारी नळी गोळ्यांनी आणि तुमच्या वागण्याने सांभाळायची आहे. स्टॅटिनमुळे कोलेस्टेरॉल उतरते आणि अस्तराचा दाहही शमतो. तंबाखू सोडल्याने, रक्तदाब व साखर काबूत ठेवल्याने आणि रोज चालण्याने हेच अस्तर सावरते. गोळी बंद करावीशी वाटली, तर आधी डॉक्टरांना विचारावे; स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर थांबविणे जिवावर बेतू शकते.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की रुग्णाला घरी पाठविताना स्टेंटच्या कागदांबरोबर हे चार शब्दही आवर्जून द्यावेत. आणि घरच्या मंडळींनी ते लक्षात ठेवून गोळ्यांची डबी रोज तपासावी. धमनी उघडणे हे तासाभराचे काम आहे. तिच्या भावंडांना जपणे हे वर्षानुवर्षांचे.