अपघातातली मोटारसायकल : दुरुस्त करावी की विकावी?

गॅरेजसमोर उभी असलेली अपघातग्रस्त मोटारसायकल तुम्ही पाहिली असेल. दिव्याची काच फुटलेली, हँडल वाकडे, टाकीला पोचा, मडगार्ड चाकाला टेकलेले. मालकापुढे प्रश्न असतो : दुरुस्तीला पैसे घालावेत, की आहे तशी विकून मोकळे व्हावे? कोणी म्हणतो, "पोचे काढून रंग मारला की नवी दिसेल." कोणी म्हणतो, "अपघाताची गाडी दारात नकोच." पहिला सल्ला नुसते रूप पाहून दिलेला असतो, दुसरा भीतीपोटी. खरे उत्तर पदार्थविज्ञान आणि थोडे अंकगणित यांच्या मदतीने काढता येते.

धडकेची ऊर्जा कोठे जाते?

समजा, १२० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटारसायकल ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने भिंतीवर आदळली. तिची गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की मिळते : ६,००० जूल. गाडी २० सेंटिमीटर चेपून थांबली, तर ही ऊर्जा तेवढ्याच अंतरात खर्च झाली. तेव्हा सरासरी बल झाले ३०,००० न्यूटन, म्हणजे गाडीच्या वजनाच्या सुमारे २५ पट! वेग दुप्पट असता, तर ऊर्जा चौपट झाली असती.

हे बल पुढच्या चाकाच्या आसातून फोर्कच्या दोन नळ्यांत शिरते. फोर्क येथे लांब तरफेसारखा वागतो. बल खालच्या टोकाला लागते, पण सर्वांत जास्त ताण वर येतो. जेथे नळ्या पकडलेल्या असतात तेथे आणि त्यामागच्या सांगाड्याच्या गळ्यात. सांगाड्यालाच गॅरेजमध्ये 'चॅसी' म्हणतात. म्हणून पोचलेली टाकी ही किरकोळ गोष्ट आहे. खरा प्रश्न चॅसी वाकली आहे काय, हा आहे.

दोन-तीन अंशांनी काय बिघडते?

दवाखान्यातील ढकलगाडीची चाके पाहा. चाक ज्या खुंटीभोवती फिरते, तिच्या थोडे मागे ते जमिनीला टेकते. त्यामुळे गाडी ढकलली की चाक आपोआप सरळ होते. मोटारसायकलमध्येही हेच तत्त्व वापरलेले असते. हँडल ज्या तिरप्या अक्षाभोवती फिरते, तो अक्ष खाली वाढवला, तर तो टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो. या दोन बिंदूंमधल्या अंतरामुळे चाक सरळ राहू पाहते.

चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर, अक्षाचा तिरपेपणा उभ्या रेषेपासून २६ अंश आणि चाकाचा आस त्या अक्षाच्या ५० मिलिमीटर पुढे असेल, तर हे अंतर सुमारे ९१ मिलिमीटर येते. धडकेने गळा मागे दबून तिरपेपणा २३ अंशांवर आला, तर ते ७३ मिलिमीटर उरते. म्हणजे अवघ्या तीन अंशांत पाचवा हिस्सा कमी! हे तीन अंश डोळ्यांना दिसत नाहीत; वेगात हँडल थरथरू लागते तेव्हाच जाणवतात.

वाकलेला धातू सरळ केला तर?

पोलाद थोडे वाकवून सोडले, तर पूर्ववत होते. ही त्याची स्थितिस्थापकता. मर्यादा ओलांडली की बाक कायमचा राहतो आणि तेवढ्या जागी धातू अधिक कडक, पण कमी लवचीक होतो. तो पुन्हा सरळ करताना बारीक भेगा पडू शकतात. जर्मन अभियंता आउगुस्ट वोलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की एका वेळी सहज पेलणारा भारही लाखो वेळा येत राहिला, तर धातू थकून तुटतो. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याने असाच भार येतो आणि आधीची भेग प्रत्येक वेळी थोडी पुढे सरकते. म्हणून वाकलेल्या फोर्कच्या नळ्या ठोकून सरळ करण्यापेक्षा बदलणे योग्य. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे चाक पोलादाइतके वाकत नाही, तडकते. तडकलेले चाक वापरू नये.

पैसे घालण्यापूर्वी तपासणी

पुढील गोष्टी मेकॅनिककडून आपल्यासमोर करून घ्याव्यात.

१. टाकी उतरवून चॅसीच्या गळ्याजवळचा रंग पाहावा. रंग पोलादापेक्षा ठिसूळ असतो. त्याला सुरकुत्या किंवा तडे असतील, तर खालचे पोलाद ताणले गेले असावे.

२. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या पुढच्या व मागच्या कडेला टेकतील अशा दोऱ्या ताणून पुढे आणाव्यात. पुढचा टायर अरुंद असेल, तर सरळ केलेल्या चाकाच्या दोन्ही बाजूंची फट सारखी यायला हवी.

३. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. ते मध्येच अडखळले, तर कोनसेटच्या वाट्यांवर गोळ्यांचे खळगे पडले असण्याचा संभव आहे.

४. फोर्कच्या नळ्या काढून सपाट काचेवर लोळवाव्यात. वाकलेली नळी लोळताना तिच्याखाली उजेडाची फट उघडमीट करते.

५. भेगेची शंका असलेल्या जागी रॉकेल लावून पुसून घ्यावे आणि खडूची पूड चोळावी. भेगेत शिरलेले रॉकेल पुडीवर काळसर रेघ उठवते.

आता हिशेब

समजा, दुरुस्तीनंतर गाडीला ३६,००० रुपये येतील आणि आहे तशी विकली तर १२,०००. दुरुस्तीला १८,००० लागणार असतील, तर ३६,००० वजा १८,००० म्हणजे १८,००० हाती राहतात. हे १२,००० पेक्षा जास्त, दुरुस्ती परवडते. पण चॅसीही वाकलेली निघाली आणि खर्च २८,००० झाला, तर हाती ८,०००च राहतात. मग विकणे बरे.

गाडी मुळात कितीला घेतली, मागच्या महिन्यात नवा टायर केवढ्याला घातला, हे या हिशेबात धरायचे नाही. ते पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत. आणि म्हणूनच तपासणी आधी हवी. १०,००० खर्चल्यावर चॅसीचा बाक कळला, तर तोवरचे पैसे परत येत नाहीत.

विम्याची पॉलिसीही वाचावी. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा आपल्या गाडीचे नुकसान भरून देत नाही. सर्वंकष विमा असेल आणि दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल, तर गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. चॅसी बदलायची तर तिच्यावरचा क्रमांकही बदलतो. ते काम नोंदणी कार्यालयाला डावलून करता येत नाही.

विकताना काय सांगावे?

वरचे गणित एका अटीवर चालते : दुरुस्त गाडी खरोखर सुरक्षित व्हायला हवी. चॅसीला भेग असताना रंग मारून गाडी विकली, तर धोका नाहीसा होत नाही, फक्त त्याचा मालक बदलतो. घेणारा कदाचित तुमच्याच वयाच्या मुलीला मागे बसवून ती चालवील. म्हणून अपघात व तपासणीत आढळलेले दोष सांगून, कागदावर लिहूनच गाडी विकावी. किंमत थोडी कमी येईल. चॅसी निकामी असेल, तर चांगले इंजिन व सुटे भाग वेगळे विकून चॅसी भंगारात द्यावी.

व्यवहार झाल्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत हस्तांतर कळवावे लागते. दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक धरून भरपाईची जबाबदारी ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

करून पाहा

बांधकामावर सळया बांधायला वापरतात त्या मऊ तारेचा वीतभर तुकडा घ्या. मधोमध काटकोनात वाकवा आणि नुसत्या बोटांनी सरळ करा. मूळ बाकाच्या जागी उंचवटा राहतो आणि तार त्याच्या शेजारी वाकते. असे का होते? आता त्याच जागी ती पुन्हा पुन्हा वाकवा आणि कितव्या वेळी तुटते ते मोजा. वर्गातल्या पाच जणांचे आकडे फळ्यावर मांडून आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.