शिळे पान किती चालेल?

कॅशिंग प्लगइन बसवले की संकेतस्थळ झपाट्याने उघडू लागते. बसवणे पाच मिनिटांचे काम आहे. त्यामागचा शिळ्या-ताज्याचा हिशेब मात्र ज्याचा त्याला करावा लागतो.

वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे पान कोणी मागेपर्यंत कुठेच तयार नसते. लेखाचा मजकूर डेटाबेसच्या एका तक्त्यात असतो, लेखकाचे नाव दुसऱ्यात, वर्गवारी तिसऱ्यात. कोणी दुव्यावर बोट ठेवले की सर्व्हरवरचा पीएचपी प्रोग्रॅम कामाला लागतो, डेटाबेसला एकामागून एक प्रश्न विचारतो, उत्तरे साच्यात बसवतो आणि तयार एचटीएमएल वाचकाच्या ब्राउझरकडे धाडतो. धाडले की विसरून जातो. पुढच्याच सेकंदाला दुसऱ्याने तेच पान मागितले, तर पुन्हा तोच खटाटोप आणि शेवटी अक्षर न् अक्षर तेच पान.

मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३मध्ये वर्डप्रेस आणले. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. म्हणजे हा पुनरुक्तीचा उद्योग अहोरात्र केवढ्या प्रमाणावर चालत असेल! स्वस्तातल्या होस्टिंगवर तर एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे दाटीवाटीने राहतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला प्रोग्रॅमच्या मोजक्याच प्रती येतात. त्या गुंतल्या की उरलेले वाचक रांगेत.

हे टाळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिथी पाहायची म्हणून घरोघरी कोणी चंद्र-सूर्याच्या गतीचे गणित मांडत बसत नाही. पंचांगकर्ते ते वर्षातून एकदा करतात, छापतात आणि बाकीचे नुसते पान उघडतात. पण त्या छापील पंचांगाला दोन अटी असतात. ते पुढच्या गुढीपाडव्यापर्यंतच चालते आणि त्यातला मुंबईचा सूर्योदय नागपूरकराच्या कामाचा नसतो. किती काळासाठी आणि कोणासाठी, या दोन प्रश्नांभोवतीच कॅशिंगचे शास्त्र फिरते.

संगणकात ही कल्पना वेबच्या कितीतरी आधी आली. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५मध्ये मोठ्या, संथ स्मृतीपुढे एक छोटी, चपळ स्मृती ठेवण्याची मांडणी केली. आयबीएमने १९६८मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात ती प्रत्यक्षात उतरली. आज आपल्या मोबाइलच्या प्रोसेसरमध्येही अशी चपळ स्मृती, म्हणजे कॅशे, असते. प्लगइन तेच तत्त्व वेबपानाला लावते.

प्लगइन नेमके काय करते?

उदाहरणादाखल ‘डब्ल्यूपी सुपर कॅशे’ घेऊ. रिकार्दो गाली यांच्या जुन्या प्लगइनच्या पायावर आयर्लंडच्या डोनखा ओ कीव्ह यांनी २००७मध्ये ते उभे केले. ते मोफत आहे. सुरू केल्यावर पहिला वाचक येतो तेव्हा पान नेहमीसारखेच तयार होते, पण पाठवता पाठवता त्याची एक प्रत सर्व्हरच्या डिस्कवर साध्या एचटीएमएल फाइलच्या रूपात ठेवली जाते. दुसऱ्या वाचकापासून ही प्रतच हातात पडते. साध्या पद्धतीत ती उचलून देण्यापुरता पीएचपी चालतो. तज्ज्ञांसाठीच्या पद्धतीत वेब सर्व्हर थेट फाइल देतो, पीएचपीला हाकही मारावी लागत नाही.

ते चालते आहे की नाही, हे तपासायला प्लगइनमध्येच चाचणीचे बटण आहे. ते एकच पान दोनदा मागवते आणि दोन्हींवरची तयार झाल्याची वेळ जुळते का, हे पाहते. हाताने तपासायचे तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी आणि पानाच्या सोर्सच्या तळाशी प्लगइनने टाकलेली ओळ शोधावी. खासगी खिडकी अशासाठी, की लॉगिन केलेल्यांना साठवलेली प्रत सहसा दिलीच जात नाही. संकेतस्थळाचा मालक कायम लॉगिन असतो आणि ‘प्लगइन टाकूनही काही फरक नाही’ म्हणतो, त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते. आणखी एक पथ्य: पाने साठवणारी दोन प्लगइन एकत्र चालवू नयेत. एकाने पुसलेली प्रत दुसरे पुढे करते आणि चूक कुठे आहे ते सापडता सापडत नाही.

गर्दीचे गणित

समजा, एक पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागतो आणि दर सेकंदाला शंभर जण ते मागतात. कॅशिंग नसेल तर मिनिटाला सहा हजार वेळा तेच काम. प्रतीचे आयुष्य फक्त एक मिनिट ठेवले, तर तेच काम मिनिटातून एकदा. फार तर मिनिटभर जुनी बातमी वाचण्याच्या बदल्यात ५,९९९ वेळचे श्रम वाचले.

आता उलटी बाजू. एखाद्या पानावर दोन तासांतून एकच वाचक येत असेल आणि प्रतीचे आयुष्य तासाभराचे असेल, तर प्रत्येक वाचकाच्या आधी प्रत मेलेली असते. प्लगइन चालू असूनही कोणालाच फायदा नाही. अशा संकेतस्थळांसाठी प्रती आधीच करून ठेवण्याची, म्हणजे प्रीलोडची सोय वापरावी आणि आयुष्यही वाढवावे.

सुदैवाने वाचकांची मागणी सारखी पसरलेली नसते. मोजकी पाने सतत मागितली जातात, बाकीच्यांकडे कोणी फिरकत नाही. जॉर्ज झिफ या भाषाशास्त्रज्ञाने शब्दांच्या वापरात जो नियम पाहिला, त्याच्याच जवळ जाणारा क्रम वेबपानांच्या मागणीत असल्याचे १९९९मध्ये ली ब्रेस्लाउ आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यामुळे थोडी साठवणही पुष्कळ काम करते. नॉर्वेच्या ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्राने २००६मध्ये पोउल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रॅमरकडून ‘वार्निश’ हे कॅशिंगचे सॉफ्टवेअर लिहून घेतले, तेव्हा आधी बारा यंत्रे लागत होती तिथे तीन पुरली.

दहावीच्या निकालाच्या दिवशी मात्र चित्र वेगळे असते. राज्यात पंधरा लाखांच्या आसपास मुले परीक्षेला बसतात आणि बैठक क्रमांक व आईचे नाव भरले की प्रत्येकाला स्वतःचे पान दिसते. तिथे लोकप्रिय पान असे नसतेच. प्रत्येक पान दोन-चार वेळाच मागितले जाते. पहिला वाचक येण्याची वाट पाहणारी कॅशे इथे लंगडी पडते. पण जाहीर झालेला निकाल तासातासाला बदलत नाही, म्हणून सगळी उत्तरे आधीच तयार करून ठेवता येतात.

कोणाचे पान कोणाला?

कॅशिंगमध्ये खरी भीती असते ती एकाचे पान दुसऱ्याच्या हाती पडण्याची. २०१५च्या नाताळात ‘स्टीम’ या व्हिडिओ गेमच्या दुकानावर हल्लेखोरांनी बनावट मागण्यांचा पूर आणला. तो थोपवण्यासाठी कॅशिंगचे नियम घाईने बदलले गेले आणि त्यातला एक चुकला. दीड तासाच्या त्या गोंधळात काहींना दुसऱ्याच ग्राहकांची पाने दिसू लागली. सुमारे ३४ हजार ग्राहकांना याची झळ बसली असावी, असे कंपनीने नंतर सांगितले. दुकान पडू नये म्हणून केलेल्या उपायातूनच माहिती फुटली.

म्हणून खरेदीची टोपली, पैसे भरण्याचे पान, ‘माझे खाते’ ही पाने कॅशेतून वगळायची असतात. वगळण्याची यादी प्लगइनमध्ये असते. आपल्या दुकानातले पत्ते तिच्यात आहेत ना, हे स्वतः पाहावे. फॉर्म असलेल्या पानांचीही एक खोच आहे. वर्डप्रेस अशा पानात सुरक्षेसाठी एक छुपे चिन्ह घालते आणि ते फार तर चोवीस तास चालते. प्रत त्याहून जुनी झाली, तर वाचकाने भरलेला फॉर्म नाकारला जाऊ शकतो.

शिळे कधी काढायचे?

प्रत काढून टाकण्याचे दोन मार्ग. एक घड्याळाचा: ठरलेली वेळ झाली की प्रत बाद. दुसरा घटनेचा: लेख सुधारला की त्याची प्रत बाद. दुसरा अधिक नेमका वाटतो, पण एक लेख किती ठिकाणी डोकावतो ते पाहा. मुख्य पान, वर्गवारीचे पान, लेखकाचे पान, महिन्याचा संग्रह, बाजूची ‘ताजे लेख’ यादी. यातली प्रत्येक प्रत शोधून पुसावी लागते. नेहमीच्या जागा प्लगइनला ठाऊक असतात. आपण हाताने बसवलेली चौकट त्याला ठाऊक नसते. म्हणून मांडणी किंवा मेन्यू बदलला की सगळी कॅशे रिकामी करणे हाच सरळ उपाय.

घड्याळाच्या मार्गातही अडचण आहे. वरच्या उदाहरणात प्रत ऐन गर्दीत बाद झाली, तर नवी तयार होण्याच्या अर्ध्या सेकंदात पन्नास मागण्या येऊन धडकतात आणि पन्नासही जण तेच पान नव्याने बनवायला घेतात. चांगल्या व्यवस्था अशा वेळी एकालाच कामाला लावतात आणि ते होईपर्यंत इतरांना जुनीच प्रत देतात.

ब्राउझरमधली कॅशे तर आपल्या हाताबाहेर असते. बोधचिन्हाचे चित्र वर्षभर ठेव, असे एकदा वाचकाच्या मोबाइलला सांगितले की तो पुन्हा विचारायला येत नाही. म्हणून चित्र बदलायचे तर फाइलचे नावही बदलावे. नव्या नावाची फाइल त्याला मागावीच लागते.

अंतर उरतेच

सर्व्हरवरची प्रत श्रम वाचवते, प्रवास वाचवत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सरळ रेषेत केबल टाकली तरी एका फेरीला १२५ मिलिसेकंद लागणारच, आणि पान हाती येण्यापूर्वी अशा अनेक फेऱ्या होतात. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकासाठी उपाय एकच: प्रत त्याच्या जवळ ठेवणे. टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८मध्ये स्थापलेल्या ‘अकामाय’ने हाच धंदा उभा केला. आज अशा सीडीएन सेवा छोट्या संकेतस्थळांनाही परवडतात आणि बरीच प्लगइन त्यांना जोडता येतात.

प्लगइन बसवण्याआधी कागदावर तीन रकाने आखावेत: हे पान सगळ्यांना सारखेच दिसते का, ते किती जुने झालेले चालेल, आणि काय घडले की ते बाद करायचे. मंडळाच्या इतिहासाचे पान महिनाभर चालेल, कार्यक्रमपत्रिका तासभर, सोन्याचा भाव मिनिटभर, ग्राहकाची टोपली एक क्षणही नाही. प्लगइनमध्ये आधीपासून भरलेले आकडे कोणत्यातरी सरासरी संकेतस्थळासाठी असतात. सोन्याचा भाव आणि मंडळाचा इतिहास एकाच घड्याळावर शिळे होत नाहीत, हे त्याला आपणच सांगायचे असते.