साठवणीचे पाणी, सांडपाणी आणि डास : जळकोटच्या वाटेवरील प्रवाशासाठी काही माहिती

उष्ण कटिबंधातील प्रवास म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आफ्रिकेचे वर्षावन किंवा अंदमानची दलदल उभी राहते. वास्तविक लातूर जिल्ह्यातील जळकोट हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेअठरा अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच खाली, पूर्णपणे उष्ण कटिबंधात वसलेले आहे. बालाघाटाच्या रांगा, खडकाळ माळ, डोंगरउतारावरचे तांडे आणि हिवाळा सरताच आटत जाणारे नाले, असा हा प्रदेश. येथे दलदल नाही, तेव्हा डासांचे भय कसले, असे नवख्या पाहुण्याला वाटते. परंतु कोरड्या मुलखाचे डास वेगळे असतात आणि त्यांचे निवासस्थान रानापेक्षा घराजवळ अधिक असते.

'डास' हा शब्द संस्कृत 'दंश' या शब्दापासून आला आहे. दंश आणि मशक ही जोडी जुन्या संस्कृत ग्रंथांत वारंवार आढळते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय असे पाच प्रकार सांगितले असून पार्वतीय मशकाचा दंश विशेष घातक मानला आहे. यावरून प्राचीनांना हिवतापाचे कारण ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. तथापि सगळे डास सारखे नसतात, ही जाण त्या वर्गीकरणात निश्चित आहे, आणि तीच आजही उपयोगी पडते.

आधुनिक कीटकशास्त्राने डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदविल्या आहेत. प्रवाशाने त्यांतील तीन गट ओळखले तरी पुरेसे आहे. ॲनोफेलिस हा हिवतापाचा वाहक. तो बसला असता त्याचे मागचे टोक वर उचललेले दिसते. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर तरंगते, आणि त्याचा दंश मुख्यतः संध्याकाळ ते पहाट या काळात होतो. क्युलेक्स हा करड्या रंगाचा, रात्री कानाशी गुणगुणणारा डास. त्याला गटाराचे घाण पाणी मानवते, त्याची अळी डोके खाली करून लोंबकळते, आणि हत्तीरोगाचा प्रसार मुख्यतः तोच करतो. तिसरा एडिस. काळ्या पायांवरील पांढऱ्या पट्ट्यांमुळे तो सहज ओळखू येतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या या रोगांचा हा वाहक दिवसा, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यावर चावतो, आणि त्याला हवे असते स्वच्छ, साठवलेले पाणी. चावते ती तिन्ही गटांतील मादीच. अंडी परिपक्व होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. नर फुलांच्या रसावर जगतो.

डास आणि हिवताप यांचा संबंध जेथे प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, ते स्थळ जळकोटकरांना परके नव्हते. त्या काळी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सिकंदराबादनजीकचे बेगमपेठही त्याच संस्थानात. तेथे २० ऑगस्ट १८९७ रोजी सर रोनाल्ड रॉस यांना ॲनोफेलिस डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाच्या परजीवीच्या गाठी आढळल्या. हुसेन खान नावाच्या रुग्णाने स्वतःला डास चावून घेतले होते आणि प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला होता. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानचे नाव मात्र ग्रंथांच्या एखाद्या ओळीपुरते उरले.

आता पाण्याकडे वळू. मराठवाड्यात पाणी साठवणे ही सवय नसून निकड आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत असेल तर घरोघरी रांजण, हौद, टाक्या आणि प्लास्टिकची टिपाडे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. उष्ण हवेत अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून पंखयुक्त डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पाण्याची पाळी आणि डासाची पिढी यांचा मेळ असा नेमका बसतो. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून, वाळवून 'कोरडा दिवस' पाळा, असे आरोग्यसेवक सांगतात ते याच गणितामुळे. घासण्याला विशेष महत्त्व आहे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या ओल्या कडेला चिकटतात आणि कोरड्या स्थितीत कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी जागच्या जागी राहतात. जो हौद रिकामा करणे शक्य नाही त्यात गप्पी मासे सोडतात.

कोरड्या भागातही डासजन्य रोग किती झपाट्याने फैलावतो, याचे उदाहरण फार दूर नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा रोग जवळजवळ विस्मृतीत गेला आणि २००६ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात परतला. त्याच वर्षी नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. त्यामुळे 'चिकन'पासून होतो तो चिकुनगुन्या, असा समज पसरला आणि अनेकांनी कोंबडी खाणे सोडले. हा शब्द प्रत्यक्षात पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतील असून सांधेदुखीने वाकून जाणे असा त्याचा आशय आहे. हे दुखणे भोगलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

क्युलेक्सच्या बाबतीत नांदेड जिल्ह्याने एक लक्षणीय प्रयोग करून दाखविला आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावात घराघरांचे सांडपाणी उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात मुरविण्यात आले. खड्ड्यात दगडगोटे भरतात, मध्ये छिद्रे असलेली टाकी बसवतात आणि मोरीचा नळ तिला जोडतात. गाळ टाकीत राहतो, पाणी जमिनीत जिरते. साचलेले सांडपाणी नाहीसे झाले की त्यावर पोसणारा डासही नाहीसा होतो. हीच पद्धत पुढे 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. मात्र शोषखड्डा हौदातील एडिसला रोखू शकत नाही. 'डासमुक्त गाव' ही पाटी पाहून प्रवाशाने दुपारचे टिपाड विसरू नये.

मुक्कामी गेल्यावर प्रथम पाणी पाहावे. उघडे टिपाड, कूलरची टाकी, अंगणातले जुने टायर दिसले तर दिवसाही पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घालावेत आणि पाय झाकावेत, कारण एडिसला घोट्याजवळची जागा प्रिय आहे. रात्रीसाठी मच्छरदाणीइतके खात्रीचे साधन नाही. इजिप्तच्या दलदलीत राहणारे लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे धरीत तेच रात्री बिछान्याभोवती लावीत, असे हिरोडोटसने नोंदविले आहे. कीटकनाशक भारलेली मच्छरदाणी अधिक चांगली, कारण हात जाळीला टेकला तरी डास तेथे तग धरत नाही. मात्र कोणतीही मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलीच पाहिजे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांजवळ उघड्यावर झोपणारे यात्रेकरू असोत, किंवा उसाच्या फडाशेजारी कोपीत सहा महिने काढणारे ऊसतोड मजूर असोत, दोघांच्याही वळकटीत ती असावी. उष्ण कटिबंधातले खरे प्रवासी तेच आहेत. प्रवासाच्या पुस्तकांत मात्र त्यांच्यासाठी एकही पान सापडत नाही.

अंगाला लावण्याच्या डासप्रतिबंधक द्रव्यांत डीईईटी सर्वांत अधिक अभ्यासले गेले आहे. अमेरिकी लष्करासाठी १९४६ मध्ये ते विकसित झाले. उघड्या त्वचेवरच लावावे, जखमेवर व डोळ्यांजवळ लावू नये, आणि घाम आल्यावर पुन्हा लावावे. कडुनिंबाच्या पाल्याचा वा गोवरीचा धूर गोठ्यात शतकानुशतके वापरात आहे. त्याने डास काही काळ दूर राहतात, पण बंद खोलीत तो धूर, तसाच डासांच्या अगरबत्तीचाही, फुप्फुसांना हानिकारक ठरतो.

इतके करूनही डास चावतोच. चावताना तो रक्त गोठू न देणारी लाळ सोडतो. शरीर तिला प्रतिकार करते आणि गांधी उठून खाज सुटते. ती जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी, कॅलामाइन लावावे. खाज फार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने सेटिरिझिनसारखी गोळी घ्यावी. पानाच्या डब्यातला चुना लावण्याची रीत मात्र सोडून द्यावी. चुना दाहक असून लहान मुलाच्या कातडीला त्याने जखम होते. नखाने खाजवून जागा पिकते, ती वेगळीच.

दंशापेक्षा नंतरचा ताप महत्त्वाचा. डेंग्यूचा ताप चावल्यापासून साधारणतः चार ते दहा दिवसांत येतो. त्यात ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालते. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी करावी आणि आपण कोठून प्रवास करून आलो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. हिवतापाचा व्हायव्हॅक्स हा प्रकार यकृतात दडून महिन्यांनंतरही उलटतो. म्हणूनच त्यावरील प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा क्रम दोन दिवसांत बरे वाटले तरी पुरा करावा लागतो.

हत्तीरोगाची रीत आणखी निराळी आहे. एकदोन दंशांनी तो सहसा होत नाही. बाधित डास महिनोन्‌महिने चावत राहावे लागतात. त्यामुळे चार दिवसांच्या पाहुण्यापेक्षा हंगामभर परमुलखात राहणाऱ्या मजुराला त्याची धास्ती अधिक. त्याचे सूक्ष्मकृमी दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात उतरतात. रात्री चावणाऱ्या क्युलेक्सच्या वेळेशी त्यांनी आपली वेळ अशी जुळवून घेतली आहे. आरोग्य कर्मचारी जेवणखाण उरकल्यावर, गाव निजण्याच्या सुमारास रक्ताचे नमुने घ्यायला दार वाजवतात, ते याच कारणाने.