परदेशवासांतील व्यायाम



परदेशीं शिक्षणासाठीं निघणाऱ्या मुलाच्या सामानांत मेतकूट, लोणचें आणि लोकरीचे कपडे भरण्याची आठवण घरांतील सर्वांस असते. परंतु ज्या शरीराच्या बळावर त्यानें तेथें दिवस काढावयाचे, त्या शरीराची तरतूद काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचाच थोडा विचार आज करूं. उदाहरणादाखल जर्मनी हा देश घेतों. कारण अलीकडे आपले पुष्कळ विद्यार्थी तिकडे जातात, आणि व्यायामाची तेथील परंपराही जुनी आहे.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. बर्लिन शहरीं डिसेंबरांतील सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांहूनही कमी असतो. पुण्यास तोच सुमारें अकरा तासांचा असतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तेथील ऊन इतकें तिरपें पडतें कीं, त्वचेंत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसें तयार होत नाहीं. आपल्या सांवळ्या त्वचेस तर अधिकच ऊन लागतें. त्यांत बैठें काम, एकट्याचें जेवण आणि बाहेरची थंडी. शिवाय आपल्या लोकांस मधुमेह तुलनेनें कमी वजनांतच गांठतो. तेव्हां व्यायाम ही तेथें हौस नसून गरज आहे.

मग व्यायामशाळा कोठें शोधावी? फ्रीडरिक लुडविग यान या शिक्षकानें १८११ सालीं बर्लिनच्या हासेनहाइडे भागांत उघडें क्रीडांगण काढलें आणि तरुणांस कसरतीचे धडे दिले. तेथील व्यायाममंडळांची चळवळ त्यांतूनच वाढली. प्रशियाच्या सरकारनें १८२० सालीं तिच्यावर बंदी घातली, ती १८४२ पर्यंत टिकली. तरी चळवळ मेली नाहीं. आज त्या देशांत सुमारें ८६ हजार क्रीडामंडळें आहेत. मंडळास तिकडे ‘फेराइन’ म्हणतात. सात सभासद जमले कीं त्याची नोंदणी होऊं शकते. वर्गणी बहुधा माफक असते, आणि एकदोन वेळां पाहुणा म्हणून येऊं देण्याची चाल पुष्कळ मंडळांत आहे. सभासद झालेल्या परक्या मुलास तेथें कसरतीबरोबर भाषा आणि ओळखीचीं माणसेंही लाभतात.

दुसरा मार्ग खाजगी व्यायामगृहांचा. तेथें यंत्रें उत्तम असतात, परंतु सही करण्यापूर्वीं करारपत्र नीट वाचावें. पहिली मुदत दोन वर्षांपर्यंतही असूं शकते. १ मार्च २०२२ पासून केलेल्या करारांपुरता कायदा असा आहे कीं, ती मुदत संपल्यावर एक महिन्याची सूचना देऊन केव्हांही मोकळें होतां येतें. सहा महिन्यांसाठीं गेलेल्या मुलानें दोन वर्षांचा करार करणें हा शुद्ध तोटा होय. यंत्रावर बसतांना स्वतःचा पंचा पसरावा, हा तेथील शिष्टाचारही ध्यानांत ठेवावा.

तिसरा मार्ग विद्यापीठाचा. बहुतेक विद्यापीठें आपल्या विद्यार्थ्यांसाठीं अल्प शुल्कांत खेळांचे व कसरतीचे वर्ग चालवितात. नोकरदारानें आपल्या आरोग्यविम्याच्या संस्थेकडे चौकशी करावी. मान्यताप्राप्त वर्गांच्या शुल्काचा कांहीं भाग ती परत देते.

आणि यांपैकीं कांहींच जमलें नाहीं तर? तर एक सतरंजीभर जागा पुरे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कारांचा पुरस्कार केला, आणि त्यांचें त्या विषयावरचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनमध्यें निघालें. त्याआधीं, १९३६ सालीं, बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ तेथें करून दाखविले होते. आपली विद्या त्या भूमीस अगदींच अपरिचित नाहीं. नमस्कारांचा आणखी एक गुण असा कीं, त्यांचा आवाज होत नाहीं. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत शांतता पाळण्याचा दंडक तिकडे कडक आहे. पहांटे उड्या मारणाऱ्या भाडेकऱ्याविरुद्ध खालच्या मजल्यावरून तक्रार यावयास वेळ लागत नाहीं.

प्रमाण किती असावें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें तें असें: प्रौढ माणसानें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंस बळ देणारी मेहनत करावी. म्हणजे पांच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणें, आणि दोन दिवस दंडबैठका. एवढें कोणासही साधण्याजोगें आहे.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुलाशीं दूरध्वनीवर बोलतांना ‘जेवलास का?’ हें आपण विचारतोंच. त्यासरशीं ‘आज व्यायाम झाला का?’ हेंही विचारावें. आणि ‘नाहीं’ असेंच उत्तर कित्येक आठवडे येत राहिलें, तर त्यास आळशी ठरविण्याची घाई करूं नये. दूरदेशीं नित्याचा व्यायाम सुटतो, तेव्हां पुष्कळदां मनही खचलेलें असतें. अशा वेळीं त्यास रागें न भरतां शांतपणें बोलतें करावें, आणि गांवांतल्या एखाद्या मंडळाचें दार ठोठावण्यास प्रेमानें सांगावें.